मोटारसायकलस्वाराचें शिरस्त्राण

१३ मे १९३५ रोजीं इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यांत एक मोटारसायकलस्वार घरीं परतत होता. तो कोणत्याही शर्यतींत उतरलेला नव्हता. जवळच्या लष्करी छावणीच्या टपालकचेरींतून एक तार पाठवून तो निघाला होता, आणि घर अगदीं जवळ आलें होतें. रस्त्याच्या चढउतारामुळें सायकलवरील दोन मुलें त्याला एकाएकीं दिसलीं. त्यांना वांचविण्यासाठीं त्यानें गाडी वळविली, आणि तो स्वतः दूर फेंकला गेला. शुद्धीवर न येतांच सहा दिवसांनीं त्याचा अंत झाला. हा स्वार म्हणजे अरबस्तानांतील मोहिमेनें जगप्रसिद्ध झालेला टी. ई. लॉरेन्स. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें.

शिरस्त्राण त्या काळीं अज्ञात होतें, असें मात्र नव्हे. ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावरील वैद्य डॉ. एरिक गार्डनर यांनीं डोक्याला मार लागलेले स्वार वारंवार पाहिले होते. कॅनव्हास व लाख यांचें एक कठीण टोप त्यांनीं करवून घेतलें, आणि १९१४ सालच्या आइल ऑफ मॅनवरील शर्यतींत तें सक्तीचें झालें. परंतु पुढें वीस-पंचवीस वर्षें हें टोप शर्यतीपुरतेंच राहिलें. धोका वेगांत आहे आणि वेग शर्यतींत आहे, मग रोजच्या रस्त्यावर त्याचें काय काम, अशी समजूत होती.

ती खोटी ठरविण्याचें काम ज्यांनीं केलें, ते शस्त्रवैद्य ह्यू केर्न्स लॉरेन्सच्या अखेरच्या दिवसांत त्याच्या शय्येपाशीं होते. दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनीं हा विषय हातीं घेतला. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें १९४१ सालीं त्यांनीं दाखवून दिलें कीं, युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांचे सहप्रवासी मृत्युमुखीं पडले होते. शिरस्त्राण घातलेले अपघातग्रस्त त्यांना अवघे सातच आढळले. ते सातही जगले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत लष्करांतील निरोपे स्वारांना शिरस्त्राण सक्तीचें झालें, आणि १९४६ सालीं केर्न्स यांनीं मृत्यूंची उतरती संख्या आलेखरूपानें मांडली. तथापि ब्रिटनमधील सामान्य नागरिकांसाठीं असा कायदा १ जून १९७३ रोजीं अमलांत आला. केर्न्स १९५२ सालींच निवर्तले होते.

आतां रचनेचा विचार करूं. कठीण कवच आघात पसरवितें. पण मेंदूला खरा धोका असतो तो डोकें एका क्षणांत थांबण्याचा. तें थांबणें किंचित् लांबविणारा, स्वतः चिरडून आघाताची शक्ति शोषणारा आंतील थर रॉथ व लोम्बार्ड या अमेरिकन संशोधकांनीं सुचविला. त्याचें पेटंट त्यांना १९५३ सालीं मिळालें. आज हा थर बहुधा फुगविलेल्या पॉलिस्टायरीनचा, म्हणजे आपल्या परिचयाच्या थर्मोकोलच्याच जातीचा असतो.

तरीही चेहरा उघडाच होता. हनुवटीसह सगळें तोंड झांकणारें व पुढें कांचेसारखी पारदर्शक झडप असलेलें बेल कंपनीचें ‘स्टार’ हें शिरस्त्राण १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आलें. १९६८ सालच्या जर्मन ग्रां प्रीमध्यें डॅन गर्नी यानें तें घातलें, आणि मोटारींच्या व मोटारसायकलींच्या शर्यतींत हा घाट रूढ झाला. ती केवळ हौस नव्हती. जर्मनींतील हॅनोव्हर येथील अपघातांच्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, शिरस्त्राणावरील आघातांपैकीं सुमारें एक-तृतीयांश हनुवटीच्या भागावर होतात. उघड्या शिरस्त्राणांत नेमका हाच भाग असुरक्षित राहतो.

तोच गोल, सुटसुटीत घाट आज पुन्हां लोकप्रिय झाला आहे. बेल कंपनीनेंच २०१४ सालीं आपल्या जुन्या नमुन्याच्या धर्तीवर ‘बुलिट’ नांवाचें शिरस्त्राण काढलें, आणि शर्यतीचें तें रूप कचेरीला किंवा बाजाराला जाणाऱ्या स्वाराच्या डोक्यावर दिसूं लागलें. येथें एक भेद ध्यानांत ठेवावयास हवा. जुन्या घाटाचें नवें शिरस्त्राण निराळें, आणि खरोखरीचें जुनें शिरस्त्राण निराळें. आंतील थर एकदां चिरडला कीं पूर्ववत् होत नाहीं; घाम, तेल व ऊन यांनींही तो जीर्ण होतो. म्हणूनच साधारण पांच वर्षांनीं शिरस्त्राण बदलावें, असें स्नेल फाउंडेशनसारख्या परीक्षणसंस्था सांगतात. वडिलांच्या काळचें टोप कपाटांत शोभतें. डोक्यावर तें विश्वासाचें नव्हे.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानें शिरस्त्राण आवश्यक केलें. पगडी धारण करणाऱ्या शिखांना त्यांतून सूट आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठीं भारतीय मानकाची खूण असलेलींच शिरस्त्राणें विकण्याचें बंधन आलें. रूप कोणतेंही निवडावें. ती खूण, डोक्यावर घट्ट बसणारें माप आणि हनुवटीखालीं आवळलेला पट्टा यांना पर्याय नाहीं.

“येथल्या येथें तर जावयाचें आहे,” असें म्हणून पुष्कळ घरांत आजही शिरस्त्राण खुंटीवरच राहतें. लॉरेन्सही त्या दिवशीं तेवढ्याच अंतरावर गेला होता.