कॅन : आधी वाजवणं, मग रचना

आता आपण येतो कोलोनला, १९६८ साली. इर्मिन श्मिट आणि होल्गर चुकाय, दोघेही संगीतकार श्टॉकहाउझेनचे विद्यार्थी, तिशी गाठलेले. रॉक बँड काढायचं हे काही वय नव्हे! पण त्यांची अडचण समजून घेऊ. बालपण नाझी राजवटीत, युद्धात गेलेलं. जुन्या जर्मन परंपरेवर विश्वास टाकायचा कसा? आणि इंग्रज-अमेरिकन रॉकची नक्कल तरी किती करायची?

मग 'कॅन'मध्ये त्यांनी कुणाला नेता केलं नाही. तासन्‌तास वाजवायचं, नुसत्या दोन ट्रॅकवर टेप करायचं. नंतर चुकाय ती टेप कापून, जोडून गाणं उभं करी. म्हणजे रचना वाजवण्याच्या आधी नाही, नंतर. आम्हाला खरी गोष्ट इथंच वाटते.

याकी लीबेत्साइट फ्री जॅझ सोडून आलेला. त्याचा ठेका जात्यासारखा फिरत राहतो. १९७० मध्ये म्युनिकच्या रस्त्यावर दामो सुझुकी हा जपानी तरुण गाताना दिसला, आणि त्याच रात्री तो यांच्याबरोबर मंचावर! पुढच्या वर्षी 'टागो मागो' आला.

१९७२ मध्ये टीव्हीवरच्या रहस्यमालिकेमुळे 'स्पून' जर्मनीत सहाव्या क्रमांकावर गेलं. तोवर त्यांनी स्टुडिओ वायलर्स्विस्टच्या जुन्या सिनेमागृहात हलवला होता. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लष्करी गाद्या ठोकलेल्या.