वीजपुरवठा-पुनर्स्थापना, तंजावूर (२०१८)

गज चक्रीवादळाने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील वीजजाळे जमीनदोस्त केल्यावर ते पुन्हा उभारण्याचे काम. हे वादळ १६ नोव्हेंबर २०१८ रोजी मध्यरात्रीनंतर नागपट्टिनम व वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्याला धडकले. नागपट्टिनम, तिरुवारूर, तंजावूर आणि पुदुक्कोट्टै या जिल्ह्यांना मोठा तडाखा बसला. तमिळनाडूत लाखाहून अधिक विजेचे खांब पडले.

मराठी माणसाला तंजावूर ठाऊक असते ते भोसले राजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांमुळे. घाव बसला तो मात्र शहरापेक्षा दक्षिणेकडच्या पट्टुक्कोट्टै, पेरावुरणी, ओरत्तनाडू या नारळ-भाताच्या पट्ट्याला. येथे वाहिन्या माडांच्या बागांतून जातात. माड तारेवर कोसळला की तार ताणली जाते आणि शेजारच्या खांबांना ओढते; पाण्याने भिजलेल्या गाळाच्या मातीत खांबाचा पाया तग धरत नाही. त्यामुळे गावोगावी दुरुस्तीपेक्षा नव्याने उभारणीच करावी लागली.

अशा कामाचा क्रम ठरलेला असतो: आधी उपकेंद्रे, मग उच्चदाब वाहिन्या, त्यानंतर रोहित्रे आणि शेवटी घरांपर्यंतच्या लघुदाब तारा. रुग्णालये व पाणीपुरवठा योजनांच्या वाहिन्या आधी घेतात. तंजावूरच्या खेड्यांत वीज गेली की पाणीही जाते, कारण गावची उंच टाकी विहिरीवरच्या विद्युतपंपाने भरते. डिझेल जनरेटर लावून या टाक्या भरण्यात आल्या. या तातडीच्या उपायाचे मोल नव्या खांबांइतकेच मानले पाहिजे.

राज्याच्या वीज महामंडळाने इतर जिल्ह्यांतून लाइनमन आणले. केरळच्या वीज मंडळाच्या तुकड्याही आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केरळ स्वतः महापुरात बुडाले होते, हे येथे नोंदवायलाच हवे. भाताच्या चिखलात यंत्र जात नाही, तेथे खांब माणसांनी खांद्यावरून वाहून नेले. लाइनमनला यात मोठा धोका असतो तो उलट येणाऱ्या विजेचा: घरचा जनरेटर मुख्य जोडणी न तोडता चालवला, तर बंद समजलेली तार जिवंत होते. म्हणून वाहिनी बंद असल्याचे परमिट घेतल्यावरही तारेला अर्थिंग केल्याशिवाय हात लावायचा नसतो.

शहरांत दिवे लवकर लागले; विखुरलेल्या वस्त्या आणि कृषिपंप यांना कित्येक आठवडे वाट पाहावी लागली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांत महावितरणसमोरही असेच काम उभे राहिले.