रेणुगुच्छांचे अवरक्त वर्णपटविज्ञान

दुर्बल बंधांनी एकत्र आलेल्या दोन वा अधिक रेणूंच्या समूहाने (रेणुगुच्छाने) केलेले अवरक्त प्रारणाचे शोषण मोजून त्याची रचना व त्यातील बंधाचे स्वरूप ठरविणारी वर्णपटविज्ञानाची शाखा. पाण्याच्या रेणूतील एक ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडण्यास दर मोलास सु. ४९० किलोज्यूल ऊर्जा लागते. उलट पाण्याचे दोन रेणू परस्परांपासून अलग करण्यास सु. १३ किलोज्यूल पुरतात. त्यामुळे नेहमीच्या तापमानास असे गुच्छ निर्माण होतात व टकरींमुळे लगेच मोडतात. त्यांना काही काळ टिकवून धरणे हीच या शाखेपुढील मूळ अडचण होती.

तत्त्व : रेणूतील अणू ठराविक कंप्रतेने कंप पावतात व त्याच कंप्रतेचे अवरक्त प्रारण शोषले जाते. हायड्रोजन बंध झाल्यास दाता रेणूतील बंध किंचित सैल होतो आणि त्याची कंप्रता घटते. उदा., सुट्या फिनॉल रेणूच्या ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाची तरंगसंख्या दर सेंमी.स ३,६५७ आहे; पाण्याचा एक रेणू जोडला गेल्यावर ती सु. ३,५२४ होते. ही घट सामान्यतः बंधाच्या बळाचे माप मानली जाते.

इतिहास : विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये अवरक्त प्रारणाचा शोध लावला. रेणूरेणूंमधील आकर्षणाची कल्पना योहानेस व्हान डर व्हाल्स यांनी १८७३ मध्ये मांडली. डब्ल्यू. एम्. लॅटिमर व डब्ल्यू. एच्. रोडेबुश यांनी १९२० मध्ये हायड्रोजन बंधाची कल्पना पाण्यास लावली, तर फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये अपस्करण प्रेरणेचे पुंजयामिकीय विवरण दिले.

जॉर्ज पिमेंटेल व त्यांचे सहकारी यांनी १९५४ मध्ये आधारक-विलगीकरण ही पद्धती सुचविली. तीत अतिशीत, गोठलेल्या अक्रिय वायूत रेणू अडकवून ठेवतात. तथापि सभोवतालच्या घन आधारकाचा परिणाम वर्णपटावर होतोच. स्वनातीत झोताने हा दोष टाळता आला. उच्च दाबाखालील वायू सूक्ष्म छिद्रातून निर्वातात सोडल्यास तो प्रसरण पावून केवलशून्याच्या काही अंशच वरपर्यंत थंड होतो आणि त्यात गुच्छ अबाधित राहतात. टी. ई. गॉफ, आर्. ई. मिलर व जी. स्कोल्स यांनी १९७८ मध्ये नायट्रस ऑक्साइडाच्या द्विवारिकाचे लेसरच्या साहाय्याने होणारे विघटन अभ्यासिले. पुढे युआन ली यांच्या गटाने १९८२ मध्ये पाण्याच्या गुच्छांचे अवरक्त वर्णपट मिळविले.

झोतात अनेक आकारांचे गुच्छ मिसळलेले असतात. त्यांपैकी एकच निवडण्यासाठी दोन लेसर वापरतात. जंबुपार लेसर विशिष्ट गुच्छाचे आयनीभवन करतो. त्याआधी सोडलेला अवरक्त लेसर तोच गुच्छ शोषू लागला, की आयनांची संख्या घटते. या घटीवरून केवळ त्या गुच्छाचा वर्णपट मिळतो.

महाराष्ट्रातील संशोधन : या द्विअनुस्पंदन पद्धतीचे कार्य राज्यात तीन ठिकाणी विशेष झाले आहे. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये संजय वाटेगावकर यांच्या गटाने गंधकाच्या हायड्रोजन बंधाचा प्रश्न हाती घेतला. गंधकाची विद्युत् ऋणता (२.५८) ऑक्सिजनाच्या (३.४४) मानाने बरीच कमी असल्यामुळे तो हायड्रोजन बंधात नगण्य मानला जाई. घनरूप हायड्रोजन सल्फाइडात प्रत्येक रेणूस बारा शेजारी असतात, बर्फात मात्र चारच; या भेदाकडे लायनस पॉलिंग यांनी लक्ष वेधले होते. इंडोल व क्रेसॉल यांच्या गंधकयुक्त रेणूंशी झालेल्या गुच्छांवर २००९ पासून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत हा बंध प्रत्यक्ष आढळला व त्यात अपस्करण प्रेरणेचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले. हायड्रोजन सल्फाइडाच्या द्विवारिकातील बंधाचा अवरक्त पुरावा जपानी संशोधकांच्या सहकार्याने २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बंगलोरच्या ई. अरुणन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये घूर्णन वर्णपटावरून त्यास दुजोरा दिला. मिथिओनीन व सिस्टीन ही ॲमिनो अम्ले गंधकयुक्त असल्याने प्रथिनांच्या घडणीच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

पवईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत नरेश पटवारी यांनी फेनिल ॲसिटिलिनाचे गुच्छ अभ्यासिले. पाण्याचा रेणू त्यातील त्रिबंधाशी, तर मिथेनॉलाचा रेणू बेंझीन वलयाशी जोडला जातो, असे त्यांना आढळले. म्हणजे अल्पशा बदलानेही बंधाची जागा पालटते. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत आलोक दास यांच्या गटाने २०१४ मध्ये ७-ॲझाइंडोल व फ्ल्युओरिनयुक्त पिरिडीन यांच्या गुच्छात एका अणूवरील एकाकी इलेक्ट्रॉन-जोडीची शेजारच्या रेणूच्या पाय-कक्षेशी होणारी अतिदुर्बल आंतरक्रिया वर्णपटाने दाखविली.

महत्त्व : इंटरनॅशनल युनियन ऑफ प्युअर अँड ॲप्लाइड केमिस्ट्रीने २०११ मध्ये हायड्रोजन बंधाची नवी व्याख्या शिफारशीने दिली, संबंधित कार्यगटाचे नेतृत्व अरुणन यांच्याकडे होते. या व्याख्येप्रमाणे दाता अणू हायड्रोजनाहून अधिक विद्युत् ऋण असला, की पुरेसे असते. आणि बंधाचा पुरावा म्हणून अवरक्त कंप्रतेतील घटीस स्थान आहे. यामुळे गंधकासारखी मूलद्रव्ये व्याख्येच्या कक्षेत आली. द्रव व घन अवस्थांत असंख्य रेणूंच्या गर्दीत झाकून जाणारे एकेका बंधाचे गुणधर्म अलगपणे मोजता येणे, हे या शाखेचे मुख्य योगदान होय.