एकशे चार इंचांत एक फेरा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात बांबूच्या रांजीत शिरलं की नजर लांब जात नाही. साग, ऐन, धावडा दाटीनं उभे आणि पावसाळा सरता सरता गवत छातीला लागतं. १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. इंग्रजी अमदानीत त्याला चांदा म्हणत आणि तो मध्य प्रांतात मोडे. रायफलच्या नळीतला पीळ किती असावा, या प्रश्नाचं एक खणखणीत उत्तर याच प्रांतात नोकरी केलेल्या एका लष्करी अधिकाऱ्यानं दिलं. त्याचं नाव जेम्स फोर्सिथ.

पिळाची गरज कशी पडली, ते ठासणीच्या बंदुकीकडे पाहिलं की कळतं. आपल्याकडे तिला भरमार म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी ठासायची, मग गोळी किंवा छर्रे घालून पुन्हा गज मारायचा. नळी आतून गुळगुळीत, आणि गोळी सहज आत जावी म्हणून नळीपेक्षा किंचित लहान. बार झाला की ती नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर येते. शेवटचा घासा ज्या बाजूला बसला, त्याप्रमाणे ती हवेत स्वतःभोवती कशीही फिरते आणि वाट सोडते. हे कारण १७४०च्या दशकात बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं प्रयोगांनी दाखवलं. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला.

उपाय त्याच्या कितीतरी आधीपासून हाताशी होता. नळीत आतून मळसूत्री खाचा पाडायच्या, म्हणजे गोळी ठरलेल्या दिशेनं फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी आपला आस धरून राहते. जर्मन कारागीर पंधराव्या-सोळाव्या शतकापासून अशा नळ्या करत होते. पण खाचांना पीळ किती द्यायचा, यावर एकमत नव्हतं. १८००च्या बेकर रायफलच्या ३० इंची नळीत जेमतेम पाव फेरा होता. १८३७च्या ब्रन्सविकमध्ये तेवढ्याच लांबीत पूर्ण फेरा आला. १८५३च्या एन्फिल्डमध्ये ७८ इंचांत एक, तर लांबट षट्कोनी गोळी मारणाऱ्या व्हिटवर्थच्या रायफलमध्ये २० इंचांत एक. लांब पल्ल्यावर व्हिटवर्थनं एन्फिल्डला सपशेल मागं टाकलं, आणि जास्त पीळ म्हणजे जास्त अचूकपणा, हा समज पक्का होऊ लागला.

फोर्सिथला तो पटला नाही. 'द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स' हे त्याचं पुस्तक १८६३ साली निघालं. त्याचा सवाल हजार यार्डांवरच्या निशाणाचा नव्हताच. समोर गवा, रानम्हैस किंवा वाघ, अंतर थोडं, वेळ क्षणाचा. (ज्या रानम्हशींसाठी हे शिकारी धावत, त्या आज महाराष्ट्रात गडचिरोलीच्या कोलामार्का भागातच उरल्या आहेत.) अशा वेळी अंतर अजमावून दर्शक वरखाली करायला सवड नसते. गोळी जवळजवळ सरळ रेषेत गेली पाहिजे. त्यासाठी वेग हवा आणि वेगासाठी दारू भरपूर. इथेच जास्त पिळाचं घोडं अडतं. शिशाची गोल गोळी जोराच्या बाराबरोबर निघाली की ती खाचा धरत नाही, त्यांच्यावरून सरळ घसरते. मग दारू कमी करावी लागते, वेग पडतो आणि गोळी कमानीसारखी वर चढून खाली येते.

त्यानं तोड काढली ती अशी: खाचा रुंद आणि उथळ, आणि पीळ १०४ इंचांत एक फेरा. २६ इंची नळी धरली तर गोळी आत बरोबर पाव फेरा फिरते. एका पौंडात चौदा बसतील अशी गोळी सुमारे ३२ ग्रॅमची, जवळपास साडेसतरा मिलिमीटर व्यासाची. सेकंदाला १६०० फुटांनी ती सुटली तर सेकंदात साधारण १८५ फेरे होतात. हे फेरे थोडे वाटतात, पण गोल गोळीला पुढचं-मागचं टोक नसतं. ती उलटण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे एवढे फेरे तिला पुरतात. मला या मांडणीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की त्यानं आधी रान पाहिलं, मग गोळी ठरवली आणि पीळ सगळ्यांत शेवटी.

त्याच्या म्हणण्यातलं गणित पुढे १८७९ साली वूलिचच्या जॉर्ज ग्रीनहिलनं तोफगोळ्यांसाठी सूत्रात बसवलं. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, १५०नं गुणा, गोळीच्या लांबीनं भागा. येईल तितक्या इंचांत एक फेरा पुरे. म्हणजे व्यास तोच ठेवून गोळी लांबवली की पीळ वाढवावा लागतो. वजनाला या सूत्रात जागाच नाही. वजनदार गोळीला जास्त पीळ लागतो तो ती लांब असते म्हणून.

अमेरिकेच्या लिव्हर-अॅक्शन रायफलींवर हे फार स्वच्छ दिसतं. त्यांची काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकली तर धक्क्यासरशी आतच बार होण्याचा धोका, म्हणून गोळीचं नाक चपटं ठेवतात. चपट्या नाकामुळे गोळी आखूड राहते आणि पीळही कमी लागतो. १८७३च्या विंचेस्टरमध्ये ३६ इंचांत एक फेरा होता. .३०-३०च्या काडतुसाची गोळी ०.३०८ इंच व्यासाची आणि सुमारे इंचभर लांब. ग्रीनहिलचं उत्तर येतं १४, आणि या रायफलींत पीळ असतो १२ इंचांत एक, म्हणजे पुरून उरतो. उलट .४४ मॅग्नमच्या जुन्या मार्लिनमध्ये ३८ इंचांत एक फेरा होता. २४० ग्रेनच्या गोळीला तो जेमतेम पुरतो. ३०० ग्रेनची लांब गोळी घातली की ती डगमगते आणि नेम विखुरतो.

गरजेहून फार जास्त पीळही बरा नाही. गोळी ओतताना आत बुडबुडा राहिला तर तिचा गुरुत्वमध्य आसापासून सरकतो, आणि फेरे जितके वाढतात तितका तो दोष गोळीला बाजूला फेकतो.

नळीचा पीळ मोजायला साधन फार लागत नाही. रायफल रिकामी आहे याची खात्री करून सफाईच्या गजाला घट्ट फडकं गुंडाळावं. गजाची मूठ मोकळी फिरणारी हवी. फडकं खाचांत बसेपर्यंत गज आत ढकलावा, नळीच्या तोंडाशी गजावर एक खूण करावी आणि गजाच्या वरच्या बाजूला एक रेघ ओढावी. मग हळूहळू ओढत ती रेघ पूर्ण फिरून पुन्हा वर येईपर्यंत गज किती सरकला, ते इंचांत मोजावं. आखूड नळीत अर्धाच फेरा मिळतो. तेव्हा आकडा दुप्पट करावा.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला जागा नाही, आणि नसावीच. फोर्सिथ १८७१ साली वारला. त्याच वर्षी निघालेल्या 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया'मुळे लोक त्याला जंगलांचा वर्णनकार म्हणून ओळखतात. पचमढीला त्यानं बांधलेला बायसन लॉजही पर्यटक पाहून येतात. पण पिळाच्या इतिहासात त्याचा मान याहून मोठा आहे: गोळी पाहून पीळ ठरवावा, हे त्यानं सूत्र हाती नसताना ग्रीनहिलच्या सोळा वर्षं आधी सांगितलं.