ढालकिडा उशिरा येतो

अंधेरीहून बोरिवलीकडे किंवा घाटकोपरहून मुलुंडकडे लोकलने जाताना रुळांच्या कडेचे पालकाचे आणि लाल माठाचे वाफे आपण सर्वांनी पाहिले आहेत. एके काळी पावसाळ्यात भात आणि हिवाळ्यात विहिरीच्या पाण्यावर भाजी पिकविणाऱ्या साष्टीचा एवढाच अंश आता बहुतेकांच्या दृष्टीस पडतो.

या वाफ्यांत किडींचेही ऋतू असतात. पावसाळ्यात वेलींवर फळमाशी येते. मावा मात्र मुसळधार सरींत धुऊन जातो. थंडीत आभाळ आले की तोच मावा फोफावतो, आणि ऊन तापू लागले की भेंडीवर तुडतुडे व पांढरी माशी दिसू लागते. प्रत्येकीचा वैरी येतो. पण मागून येतो. मावा पुरेसा जमल्यावाचून ढालकिड्याची मादी तेथे अंडी घालीत नाही. तिने तरी पिले उपाशी का ठेवावीत?

मधल्या त्या थोड्या दिवसांत बागवानाचा धीर सुटतो. पूर्वी तो राख धुरळी किंवा तंबाखूचा काढा शिंपडी. पॉल म्युलर यांनी १९३९ साली डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण शोधला, १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९५४ साली आपल्याकडे ते बनविण्यासाठी सरकारी कंपनीही निघाली. मलेरियावरचे हे औषध शेतातही शिरले. भोक पडलेले पान बाजूला सारणारे आपण गिऱ्हाईकही त्या घाईत सामील होतो, हे सांगितले पाहिजे.

या घाईचे गणित मात्र आधीच मांडले गेले होते. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी मंदावली, तेव्हा शिकारी माशांचे प्रमाण वाढलेले आढळले. इटालियन गणिती व्होल्टेरा यांनी १९२६ साली त्याचा उलगडा केला : भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही सरसकट मारीत गेले, तर सरासरीने भक्ष्य वाढते आणि भक्षक घटतो. जाळ्याच्या जागी फवारा ठेवा, म्हणजे झाले. कॅलिफोर्नियात ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या ढालकिड्याने १८८८ नंतर संत्र्यांच्या बागा वाचविल्या होत्या. १९४०च्या दशकात डी.डी.टी.ने तो मेला आणि जुनी कीड पुन्हा उसळली.

आपल्याकडे शेतीतला डी.डी.टी.चा वापर १९८९ साली बंद झाला. इतर विषे राहिली. पुढे २००८ साली कोइमतूरला पपईवरचा पिठ्या ढेकूण आढळला आणि तो पुण्यापर्यंत पोहोचला. परदेशातून आलेल्या त्या किडीचा वैरी येथे नव्हताच. फवारे थकले. शेवटी २०१० साली पोर्तो रिकोहून मुंगीहूनही लहान अशी एक परोपजीवी माशी आणून सोडली, आणि तिने काही महिन्यांत ती कीड आटोक्यात आणली. जेथे ती सोडली, तेथे फवारणी थांबवावी लागली.