चलनवाढ नियंत्रण आणि खानदेश

सर्वसाधारण किंमतपातळीची सततची वाढ म्हणजे चलनवाढ. ती काबूत ठेवण्याची जबाबदारी भारतात रिझर्व्ह बँकेची आहे. २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सहा सदस्यांची पतधोरण समिती आली. ग्राहक किंमत निर्देशांकातील वाढ ४ टक्के, २ टक्क्यांच्या फरकाच्या मर्यादेत राखण्याचे लक्ष्य ठरले. बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देण्याचा रेपो दर हे मुख्य साधन. मे २०२२ मध्ये ४ टक्के असलेला हा दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला.

रेपो दर वाढल्याचा परिणाम खानदेशात सर्वत्र सारखा होत नाही. जळगावच्या डाळ मिलचे किंवा धुळ्यातील जिनिंगचे कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचे बँककर्ज, महागले की मालाचा साठा धरून ठेवणे परवडत नाही. घरकर्जाचा हप्ताही वाढतो. पीककर्जाला मात्र सरकारी व्याजसवलत असते. महाराष्ट्रात ३ लाखांपर्यंतचे कर्ज मुदतीत फेडल्यास व्याज शून्यावर येते. त्यामुळे कापूस किंवा केळी पिकवणाऱ्याला रेपो दराची झळ थेट लागत नाही.

पाऊस हुकून तूर कमी पिकली, तर व्याजदर वाढवून डाळ मिळत नाही. तिथे आयात आणि साठामर्यादा हेच उपाय. २ जून २०२३ रोजी केंद्राने तूर व उडदावर लादलेली मर्यादा मिलनाही लागू होती. भाववाढीचे सारे खापर रिझर्व्ह बँकेवर फोडणे म्हणूनच अन्यायाचे आहे. अन्नाची टंचाई इतर वस्तूंच्या भावांत आणि मजुरीच्या दरात मुरू न देणे, हे तिचे खरे काम.