रामानुजन यांचे स्वाध्ययन व परीक्षा

श्रीनिवास रामानुजन यांस १९०३ साली जी. एस. कार यांचा गणितसंग्रह लाभला. केंब्रिजच्या परीक्षार्थींसाठी रचलेल्या त्या ग्रंथात सिद्धांत हजारो, सिद्धता मात्र त्रोटक. ती उणीव स्वतः भरून काढणे हाच त्यांचा अभ्यास झाला. क्रम त्यांचा, कसोटीही त्यांचीच. परंतु इतर विषयांच्या उपेक्षेमुळे कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गेली. (त्यात इंग्रजीचा वाटा मोठा होता, हे आम्हां भाषेच्या अध्यापकांनी विसरू नये.) पुढे मद्रासेसही एफ. ए.ची परीक्षा साधली नाही. प्रेरणा व स्वयंनियमन यांवरून परीक्षेतील यश वर्तविणाऱ्यांनी त्यांस कोठे बसवावे? स्वयंनियमन उणे नव्हतेच; ते एका विषयापुरते होते, आणि परीक्षा सर्व विषयांची बेरीज मागत होती. १९१४ साली ते केंब्रिजला गेले. १९१६ मध्ये तेथील पदवी त्यांस मिळाली, ती संशोधनावर.